पाण्याकाठचा कॅराव्हॅन-मुक्काम: इंदूरच्या एका कुटुंबाची जागानिवड

इंदूरच्या लोकमान्यनगरात राहणाऱ्या एका परिचित कुटुंबाने मार्चमध्ये, रंगपंचमीची धामधूम ओसरल्यावर, भाड्याची कॅराव्हॅन घेऊन तीन रात्री पाण्याकाठी काढायचे ठरवले होते. कुटुंबात निवृत्त आजोबा, आजी, मुलगा, सून आणि पाच वर्षांची नात होती. सोबत त्यांची स्वतःची, हवा भरून वल्ह्यांनी चालवायची रबरी होडी होती. अटी थोड्याच, पण काटेकोर होत्या. गाडी पाण्यापासून चालत पोहोचता येईल अशा ठिकाणी उभी राहावी, होडी रोज सकाळी फार ओढाताण न करता पाण्यात उतरवता यावी, आणि गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या आजोबांना तिच्यात बसता यावे. जलसिंचनाच्या कामाशी माझा जुना संबंध असल्याने जागा सुचवण्याचे काम माझ्याकडे आले.

त्यांनी मनाशी जागा ठरवलेलीच होती: हनुवंतिया. खंडवा जिल्ह्यात नर्मदेवरील इंदिरा सागर जलाशयाच्या काठावर मध्य प्रदेश पर्यटनाने विकसित केलेल्या या ठिकाणी 2016 पासून जलमहोत्सव भरतो, आणि हे कुटुंब एका डिसेंबरात तेथे जाऊन आले होते. तेव्हा पाणी अगदी जवळ होते, बोटी काठालाच लागत होत्या, आणि तेच दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढे होते. मुलाचे म्हणणे असे की जागा पाहिलेली आहे, सोयी आहेत, मग नवा शोध कशाला? हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर देण्यासाठी सोयींपेक्षा जलाशयाच्या पातळीकडे पाहणे आवश्यक होते.

इंदिरा सागरची पूर्ण संचय पातळी 262.13 मीटर आहे आणि वीजनिर्मितीसाठी पाणी ज्या किमान पातळीपर्यंत उतरवता येते ती 243.23 मीटर आहे. म्हणजे वर्षभरात पाणी जवळपास 19 मीटर खाली जाऊ शकते. जलाशय पावसाळ्यात भरतो आणि ऑक्टोबरपासून जूनपर्यंत हळूहळू रिकामा होत जातो. 19 मीटर हा आकडा उभा असल्याने वाचताना फारसा वाटत नाही. काठाचा उतार लक्षात घेतला की त्याचा अर्थ उघड होतो. निमाडच्या सपाट शेतजमिनीवर पाणी पसरलेले असेल आणि काठ पन्नास मीटरला एक मीटर इतका मंद उतरत असेल, तर पातळी सात मीटर उतरताच पाण्याची कड साडेतीनशे मीटर मागे सरकते, आणि किमान पातळीला तीच कड पाऊण किलोमीटरच्याही पलीकडे जाते. मधला पट्टा वाळूचा नसतो. तो गाळाचा आणि काळ्या मातीचा असतो, वरून वाळून भेगाळलेला आणि आत ओला. त्यावर जागोजागी गाळपेरीची, म्हणजे पाणी ओसरलेल्या जमिनीत घेतलेली, पिके उभी असतात, म्हणजे होडी ओढत न्यायची तर कोणाच्या तरी गव्हातून किंवा कलिंगडाच्या वेलांवरून न्यावी लागते.

अशा जलाशयावर पर्यटन संकुलाचा तरंगता धक्का पाण्याबरोबर पुढे सरकवता येतो, त्यामुळे तिकीट काढून बोटीत बसणाऱ्याला फरक फारसा जाणवत नाही. स्वतःची होडी उतरवणाऱ्याला मात्र तो पहिल्याच सकाळी जाणवतो. याशिवाय इंदिरा सागरच्या पोटात 2004 साली उठवले गेलेले हरसूद गाव, अनेक खेडी आणि बरेच रान बुडालेले आहे. पाणी उतरत जाते तसतसे झाडांचे खुंट पृष्ठभागाच्या अगदी जवळ येतात आणि उजाडतानाच्या तिरप्या प्रकाशात ते दिसत नाहीत. पत्र्याच्या किंवा लाकडी नावेला खुंटाने ओरखडा पडतो, रबरी होडीला भोक पडते.

मुलाला हे पटण्यासाठी मी त्याला दोन गोष्टी करायला सांगितल्या. केंद्रीय जल आयोग देशातील मोठ्या जलाशयांच्या पातळीचे साप्ताहिक पत्रक प्रसिद्ध करतो. त्यात इंदिरा सागरची त्या आठवड्याची पातळी शोधायची. आणि युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांची चित्रे, जी साधारण पाच दिवसांच्या अंतराने मिळतात, फुकट पाहता येतात आणि ज्यांत दहा मीटरचा तपशील दिसतो, ती डिसेंबर आणि मार्च अशी शेजारी ठेवून पाहायची. नेहमीच्या नकाशावरील उपग्रहचित्र या कामाला निरुपयोगी असते, कारण ते कोणत्या महिन्याचे आहे हे पाहणाऱ्याला सहसा कळत नाही आणि दोन शेजारचे तुकडे दोन वेगळ्या ऋतूंतले असू शकतात. दोन चित्रे समोर आल्यावर हनुवंतियाचा विषय मार्चपुरता मिटला.

त्यानंतर इंदूरच्या आसपासच्या पाण्यांचा विचार झाला, आणि त्यातली बरीच लगेच गळाली. गंभीर नदीवरचे होळकरकालीन यशवंत सागर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे आणि रामसर या आंतरराष्ट्रीय संरक्षण यादीतील पाणथळ जागा आहे. तेथे गाडी लावून मुक्काम आणि होडी या दोन्ही गोष्टींचा विचारही करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. चोरलचे धरण जवळ आहे, घरच्यासारखे आहे, पण जलाशय लहान, आणि दोन दिवसांत त्याचे कोपरे संपतात. मंदसौर-नीमचकडचा गांधी सागर विस्ताराने मोठा, परंतु तेथेही 1312 फूट आणि 1250 फूट या दोन पातळ्यांमधले अंतर 62 फूट, म्हणजे इंदिरा सागरइतकेच. शिवाय काठाचा मोठा भाग अभयारण्यात येतो आणि 2025 मध्ये तेथे चित्ते सोडले गेल्यापासून वनखात्याच्या परवानगीविना कोठेही मुक्काम करणे शहाणपणाचे नाही.

महेश्वरचा आग्रह आजींचा होता. अहिल्याबाईंचा घाट, संध्याकाळचे पाणी, स्थानिक नावाड्यांच्या नावा हे सगळे खरे. पण घाट म्हणजे पायऱ्या. हवा भरलेली होडी पायऱ्यांवरून उतरवताना तिचा तळ प्रत्येक कडेला घासतो आणि गुडघेदुखीच्या माणसासाठी पायऱ्यांइतकी वाईट वाट दुसरी नाही. सात मीटर लांबीची गाडी किल्ल्याखालच्या गल्ल्यांत वळवायची कोठे, हा प्रश्न वेगळाच. आजींना मी सांगितले की महेश्वरला साधी मोटार घेऊन जावे, मुक्काम एखाद्या धर्मशाळेत किंवा हॉटेलात करावा आणि नाव तेथल्या केवटाची घ्यावी. त्यांनी ते मान्य केले, पण नाराजीनेच.

उरला नर्मदेवरच, इंदिरा सागरच्या खालच्या अंगाला असलेल्या ओंकारेश्वर धरणाचा जलाशय. त्याची पूर्ण पातळी 196.60 मीटर आणि किमान 193.54 मीटर, म्हणजे फरक सुमारे तीन मीटरचा. कारण असे की पाणी साठवण्याचे काम वरचा इंदिरा सागर करतो, आणि ओंकारेश्वरचे धरण त्याच्या विद्युतगृहातून आलेले पाणी थोडे अडवून पुन्हा टर्बाइनमधून पुढे सोडते. वरच्याची साठवण 12.22 अब्ज घनमीटर, खालच्याची एक अब्जाहूनही कमी. त्यामुळे इंदिरा सागर उन्हाळ्याच्या तोंडावर ओसाड दिसू लागतो तेव्हाही खालच्या जलाशयाची कड जवळपास तेथेच असते. पर्यटक मोठे पाणी शोधतात. होडीवाल्याने स्थिर पाणी शोधावे. या प्रकरणातला निर्णय खरे म्हणजे येथेच झाला, पुढचे सारे तपशिलाचे काम होते.

धरणाच्या वर आणि खाली

ओंकारेश्वरचे नाव घेताच मुलाने नकाशावर धरणाच्या खालच्या बाजूचा, वाळूचा आणि खडकांचा एक सुंदर पट्टा दाखवला. गाडी थेट पाण्यापर्यंत जात होती, सावली होती, होडी उतरवायला आदर्श असा मऊ उतार होता. ही जागा मी ताबडतोब नाकारली आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटले. 7 एप्रिल 2005 रोजी देवास जिल्ह्यातील धाराजी येथे अमावास्येच्या यात्रेसाठी हजारो माणसे नर्मदेच्या पात्रात आणि काठावर झोपली होती. वरून इंदिरा सागरच्या विद्युतगृहाचे पाणी सुटले, पातळी अचानक चढली आणि साठहून अधिक माणसे वाहून गेली. ओंकारेश्वरचे धरण त्या वेळी पूर्ण झालेले नव्हते, त्यामुळे इंदिरा सागरच्या खाली तेथे नदीचे मोकळे पात्र होते. विद्युतगृह विजेच्या मागणीप्रमाणे चालते; मागणी संध्याकाळी वाढते, त्या वेळी काठावर चूल पेटलेली असते आणि मुले पाण्यात असतात. भोंगा वाजतो हे खरे, पण वाऱ्याच्या दिशेवर, झोपेवर आणि भोंग्याचा अर्थ ठाऊक असण्यावर जीव टांगून ठेवता येत नाही. धरणाच्या खाली पात्रात मुक्काम नाही, हा नियम मी कोणत्याही ऋतूत आणि कोणत्याही सौंदर्यासाठी शिथिल करत नाही.

धरणाच्या वर, जलाशयाच्या दक्षिण काठावर, सनावद-पुनासा रस्त्यावरून आत जाणाऱ्या वाटांची पाहणी आम्ही मोटारने केली. या बाजूला सैलानी येथे पर्यटन महामंडळाचे निवासस्थान आहे आणि ज्यांना खोली, जेवण आणि बोट एकत्र हवी त्यांच्यासाठी ते सोयीचे आहे. या कुटुंबाला मात्र गाडीतच राहायचे होते. शेवटी एका शेतकऱ्याच्या शेताचा पाण्याकडील कोपरा निवडला. त्याची कारणे दिसायला साधी असली तरी प्रत्येक कारण त्या ठिकाणी जाऊनच तपासलेले होते.

पहिली गोष्ट जमिनीच्या मालकीची. पूर्ण पातळीच्या खालची जमीन प्रकल्पासाठी संपादित झालेली असते आणि तिच्यावर शेतकऱ्याने दिलेल्या परवानगीला अर्थ नसतो. वरची जमीन खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीत, कोणाच्या नावे आहे ते पाहता येते. गाडी उभी राहणारी जागा खात्रीने वरच्या बाजूची होती. शेतकऱ्याशी तीन रात्रींचे भाडे, बोअरचे पाणी आणि विजेची एक जोडणी असे बोलणे झाले. गावच्या सरपंचांना आणि जवळच्या पोलीस चौकीला आधी कळवले, कारण अनोळखी मोठी गाडी रात्री पाण्याकाठी उभी दिसली की गावात साहजिकच चर्चा होते, आणि ती चर्चा आपण आल्यानंतर होण्यापेक्षा आधी झालेली बरी.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. नर्मदेचे खोरे पूर्व-पश्चिम पसरलेले आहे आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला दुपारचा पश्चिमेकडचा वारा त्याच्या लांबीच्या दिशेने वाहतो. मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला जितकी लांब धाव मिळते तितक्या लाटा मोठ्या होतात. निवडलेला कोपरा एका नाल्याच्या मुखातून आत शिरलेल्या पाण्याच्या फाट्यावर होता. पश्चिमेला टेकडी, उत्तरेला फाट्याचे तोंड. मुख्य पात्रात दुपारी पाणी चांगलेच खवळलेले असताना फाट्यात वल्ही मारता येत होती. नातीला होडीत बसवायचे तर फाट्यातच, आणि मोठ्यांनी मुख्य पात्रात जायचे तर सकाळी नऊच्या आत, असे तेथेच ठरले.

तिसरी गोष्ट उताराची, आणि तिच्यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. होडी उतरवण्याचा काठ फार मंद असला तर गाळात चालावे लागते, फार उभा असला तर माणूस घसरतो. बोटीसाठी बांधीव उतरण करताना साधारण शंभराला बारा ते पंधरा हा उतार धरतात. येथे मुरमाचा नैसर्गिक काठ होता आणि तो आठाला एक, म्हणजे त्याच मापाचा निघाला. या उतारावर जलाशयाचा तीन मीटरचा सारा चढउतार धरला तरी कड चोवीस-पंचवीस मीटरच सरकणार. मुरूम पाण्याखालीही किती अंतर आहे हे मुलाने गुडघाभर पाण्यात उतरून, पहारीने टोचत पाहिले. माणूस होडीत बसतो ते ठिकाण काठावर नसून पाण्यात असते, आणि नेमके तेथेच गाळ लागला तर कोरड्या काठाचा उपयोग नाही. आजोबांसाठी एक जड प्लास्टिकची खुर्ची पाण्यात रोवून ठेवायचे ठरले. त्यांनी आधी खुर्चीवर बसायचे, होडी खुर्चीला लावायची, आणि मग बसल्या बसल्या सरकायचे. ही युक्ती सुनेची, आणि माझ्या मते संपूर्ण आखणीतील ती सर्वांत उपयुक्त सूचना होती.

चौथी गोष्ट गाडी आत येण्या-जाण्याची. डांबरी रस्त्यापासून शेतापर्यंतची वाट मुरमाची होती, पण मध्ये एक काळ्या मातीचा तुकडा लागत होता. मार्चमध्ये तो कोरडा होता. वाटेवर झुकलेल्या बाभळीच्या फांद्या आणि एका ठिकाणी लोंबकळणारी विजेची तार यांची उंची बांबूने मोजली, कारण छतावरच्या एसीसकट अशी गाडी तीन मीटरच्या आसपास जाते आणि चालकाला ते वळणावर आठवत नाही.

मुक्कामाची मांडणी

प्रवासाबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. सिमरोलनंतरचा भेरूघाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवावी, नुसत्या ब्रेकवर उतरवू नये. पाण्याची टाकी घाट उतरल्यावर, मुक्कामी भरावी, म्हणजे शंभर किलो वजन विनाकारण घाटातून न्यावे लागत नाही. मोरटक्क्याचा पूल ओलांडून सनावदला बाजारहाट केला आणि उन्हे कलण्यापूर्वी शेतावर पोहोचणे झाले.

गाडी तोंड दक्षिणेला, म्हणजे बाहेर पडण्याच्या वाटेकडे करून उभी केली. आपल्याकडच्या कॅराव्हॅनचे दार डाव्या अंगाला असते. तोंड दक्षिणेला असले की दार पूर्वेला येते आणि दुपारनंतर गाडीची स्वतःची सावली दारापुढे पडते. मार्चच्या निमाडी उन्हात ही सावली कोणत्याही ताडपत्रीपेक्षा मोलाची ठरते. रात्री काही कारणाने निघावे लागले तर गाडी वळवण्याची खटपटही उरत नाही.

वीज शेतातल्या मोटरपंपाच्या खोलीतून घेतली होती. तिचे अर्थिंग शंकास्पद निघाल्यामुळे, गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच मध्ये बसवल्याशिवाय गाडी जोडू दिली नाही. ओले पाय, लोखंडी पायरी आणि सदोष अर्थिंग एकत्र येऊ देणे म्हणजे अपघाताला बोलावणेच. व्होल्टेज संध्याकाळी इतके उतरायचे की एसी चालवणे सोडून दिले. रात्री पाण्यावरून येणारी हवा पुरेशी होती.

सांडपाण्याचा प्रश्न आपल्याकडे कॅराव्हॅनच्या जाहिरातींत कोठेच दिसत नाही, आणि मुक्कामाची जागा बिघडते ती बहुधा त्यामुळेच. पाच माणसे प्रत्येकी वीस लिटर वापरतात असे धरले तर शंभर लिटरची टाकी एका दिवसात संपते आणि जवळपास तेवढेच साबणाचे पाणी तयार होते. ते नळी लावून उतारावर सोडले की सरळ जलाशयात जाते. येथे शेतकऱ्याच्या संमतीने पाण्यापासून दूर, बांधाच्या पलीकडे एक खड्डा खणला आणि बादलीने तेथे नेऊन ओतले. संडासाची डबाबंद टाकी वीसेक लिटरची असल्याने पाच जणांना ती दोन दिवसही पुरत नाही. म्हणून दिवसा शेतकऱ्याच्या घरचे शौचालय आणि फक्त रात्री गाडीतले, अशी वाटणी केली. या कामाचा कंटाळा असेल त्याने कॅराव्हॅन घेऊच नये, हॉटेलात राहावे.

होडीच्या बाबतीत दोन बाबी लक्षात ठेवण्याजोग्या निघाल्या. जलाशयाची पातळी ऋतूनुसार स्थिर असली तरी दिवसाकाठी ती थोडी वरखाली होते, कारण वरचे आणि खालचे विद्युतगृह एकाच तालात चालत नाही. आठाला एक उतारावर पाणी एक फूट चढले की कड आठ फूट पुढे येते. म्हणून रात्री काठावर नुसती ओढून ठेवलेली होडी सकाळी तेथेच असेल असे नाही. ती झाडाला बांधली आणि पाण्याच्या कडेला एक खुंटी रोवून संध्याकाळी-सकाळी फरक पाहिला. दुसरी बाब हवेची. सकाळी गारव्यात कडक भरलेली होडी दुपारी उन्हात ठेवली तर आतील हवा तीस अंशांनी तापते आणि तिचा दाब सकाळच्या दीडपटीवर जाऊ शकतो. शिवणी उसवतात त्या बहुधा अशाच. होडी सावलीत ठेवायची, नाहीतर थोडी हवा सोडायची.

इंजिन लावण्याचा मोह मुलाला होता, तो मी आधीच मोडून काढला होता. यांत्रिक शक्तीने चालणाऱ्या नौकेला 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली नोंदणी लागते, आणि 2023 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने भोपाळच्या मोठ्या तलावातील क्रूझ आणि मोटरबोटी थांबवण्याचा आदेश दिल्यापासून राज्यात या विषयाकडे अधिक बारकाईने पाहिले जाते. वल्ह्यांच्या होडीला मासेमारांच्या जाळ्यांचीच काय ती काळजी असते. जाळी संध्याकाळी लावतात आणि पहाटे काढतात. म्हणून पहिल्याच संध्याकाळी मुलाने काठावरच्या मासेमारांना भेटून जाळी कोठे आहेत, मगर कोणत्या अंगाला दिसते आणि खडक कोठे वर येतो, हे विचारून घेतले. त्यांनी फाट्याच्या पूर्व कोपऱ्यात नातीला पाण्यात सोडू नका असे सांगितले, आणि ते पाळले गेले. जलाशयाच्या काही भागांत वीजनिर्मितीची तरंगती सौर पॅनेले उभारलेली आहेत. त्यांचे नांगरदोर आणि केबली पाण्याखाली असल्यामुळे त्या बाजूला फिरकायचेच नाही असे ठरलेले होते. जीवरक्षक जाकिटे पाचही जणांच्या मापाची होती, आणि आजोबा ते अंगावर चढवायला पहिल्या दिवशी कुरकुरले असले तरी नातीने त्यांच्याशिवाय होडीत बसायचे नाकारल्यामुळे तो वाद लवकर संपला.

तीन रात्री ठरल्याप्रमाणे पार पडल्या. आजोबा तिन्ही सकाळी होडीत बसले. एकदा त्यांना उतरताना खुर्ची कलली, पण पाणी गुडघ्याइतकेच असल्याने आणि खाली मुरूम असल्याने काही बिघडले नाही.

याच कुटुंबाने आता नोव्हेंबरात पुन्हा जायचे म्हणून विचारले आहे, आणि त्यांना मी हनुवंतिया सुचवले आहे. त्या महिन्यात इंदिरा सागर सहसा भरलेला असतो, खुंट खोल पाण्याखाली असतात आणि काठ संकुलाच्या जवळ येतो. फक्त जलमहोत्सवाच्या तारखा टाळाव्यात, कारण त्या गर्दीत खासगी होडीला काठावर जागा मिळणे कठीण. पावसाळा संपल्याबरोबर शेताच्या जागी जाऊ नका असेही सांगितले आहे. वाटेवरचा काळ्या मातीचा तुकडा एका चांगल्या सरीनंतर कित्येक दिवस ओला राहतो, आणि साडेतीन-चार टनांची गाडी तेथे रुतली तर ती बाहेर काढायला ट्रॅक्टरच लागतो. शेतकऱ्याकडे तो आहे, पण त्याच सुमारास त्याची रब्बीची पेरणीही असते.